जोगलटेंभीची नाणी : ठशावरचा ठसा

प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास अभ्यासू लागलो की पहिल्याच पावलाला एक अडचण समोर येते. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ज्या सातवाहन घराण्याने दख्खनवर राज्य केले, त्या घराण्याचा त्या काळी लिहिलेला एकही इतिहासग्रंथ उपलब्ध नाही. मराठेशाहीच्या अभ्यासकाच्या हाताशी बखरी असतात, पत्रव्यवहार असतो, हिशेबाची दप्तरे असतात. सातवाहनांच्या अभ्यासकाजवळ यातले काहीच नाही. त्याच्याजवळ पुराणांतील वंशावळी आहेत, लेण्यांच्या भिंतींवर कोरलेले लेख आहेत, उत्खननात सापडणारी खापरे आहेत आणि नाणी आहेत.

पुराणांतील वंशावळींवर पूर्णपणे विसंबावे तर तेथेही एकवाक्यता नाही. मत्स्यपुराणाच्या परंपरेत या घराण्याचे तीस राजे आणि सुमारे साडेचारशे वर्षे सांगितली आहेत. वायुपुराणाच्या प्रतींत राजांची नावे त्याहून पुष्कळच कमी भरतात. यांपैकी कोणत्या राजाला मानावे, कोणाला वगळावे आणि कोणाला कोणाच्या मागे ठेवावे, याचा निवाडा अशा वेळी कोणी करावा? तो पुष्कळदा नाण्याने केला आहे. नाणे हा इतिहास सांगण्यासाठी लिहिलेला दस्तऐवज नव्हे. ते बाजारात चालावे म्हणून पाडलेले असते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. ही साक्ष कशी काढावयाची, याचा उत्तम धडा नाशिक जिल्ह्यातील एका गावाने घालून दिला आहे. त्या गावाचे नाव जोगलटेंभी.

एक मोठा साठा

सन १९०६ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यातील या गावी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या नाण्यांचा अभ्यास करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. नाण्यांची संख्या १३,२५० हून अधिक होती. एका नाण्याचे वजन साधारण दोन ग्रॅम धरले तरी ही चांदी २६ किलोच्या आसपास जाते. पण आपल्या दृष्टीने चांदीचे वजन दुय्यम आहे. ही सारी नाणी मुळात एकाच राजाची होती. तो राजा म्हणजे क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान. आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शंभरातील सत्तर नाण्यांवर, दुसऱ्या एका राजाने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तो दुसरा राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

नहपानाचे मूळ नाणे कसे होते ते प्रथम पाहू. एका बाजूस उजवीकडे तोंड केलेला राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी या लिप्यांतील लेख. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या आहेत, पण भाषा एकच, प्राकृत. मजकूरही एकच : क्षहरात राजा नहपानाचे हे नाणे. ग्रीक लिपी वाचणारा, वायव्येकडील खरोष्ठी वाचणारा आणि येथील ब्राह्मी वाचणारा अशा तिघांच्याही हातांत हे नाणे जावे, अशी ही योजना दिसते. क्षहरात हे शकांपैकी होते, आणि पश्चिम किनाऱ्यावरील परदेशी व्यापार त्यांच्या ताब्यात होता.

गौतमीपुत्राने या नाण्याच्या एका बाजूवर मारलेल्या ठशात तीन कमानींचा डोंगर असून त्याखाली नागमोडी रेघ आहे. काही अभ्यासक या डोंगराला चैत्य म्हणतात. भोवती ब्राह्मीत ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ असा लेख आहे, म्हणजे राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे. दुसऱ्या बाजूवर अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेली आकृती आहे. तिला नाणेशास्त्रात ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणतात.

ठशाची साक्ष

त्या काळी ठशाचे नाणे पाडताना ऐरणीवर खालचा ठसा पक्का बसवीत. त्यावर धातूची चकती ठेवीत आणि वरून दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालीत. एका घावात दोन्ही बाजू उमटत. चालू नाणेच चकती म्हणून वापरले तर नवा ठसा उमटतो, पण जुना ठसा पूर्णपणे नाहीसा होत नाही. डोंगराच्या कमानीआडून नहपानाच्या कपाळाची कड डोकावते. उज्जयिनी चिन्हाच्या दोन वर्तुळांच्या मध्ये एखादे ग्रीक अक्षर तगून राहते.

अभ्यासकाला हवी असते ती नेमकी हीच खूण. कारण यात काळाचा क्रम आहे. वरचा ठसा मागाहूनचा आणि खालचा ठसा आधीचा, यात वादाला जागा नाही. जमिनीत खालचा थर जुना आणि वरचा थर नवा, हा उत्खननाचा जो नियम आहे, तोच येथे नखाएवढ्या चांदीवर लागू पडतो. गौतमीपुत्र हा नहपानानंतरचा किंवा त्याच्या अखेरच्या काळातला, आणि नहपानाची चलनात असलेली नाणी त्याच्या अधिकाराखाली आली, एवढे तर निर्विवाद ठरते.

नाण्याची साक्ष एकटी असती तर कोणी म्हटले असते की दोन राजांत सलोख्याने काही व्यवहार झाला असेल. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत या साक्षीला दुजोरा मिळतो. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. त्यात तिने आपल्या पुत्राचा गौरव करताना, त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित केले, असे म्हटले आहे. त्याच लेण्यात गौतमीपुत्राची स्वतःची अठराव्या वर्षातील एक आज्ञा आहे. ती एका विजयी लष्करी तळावरून गोवर्धनच्या अमात्याला धाडलेली आहे. तिच्यात एक शेत भिक्षूंना दिले आहे, आणि ते शेत पूर्वी उषवदाताच्या भोगात होते असे स्पष्ट नमूद केले आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई.

आता तिन्ही साक्षी एकत्र मांडा. आईचा लेख गौरवाचा आहे. त्यात अतिशयोक्ती असू शकेल. मुलाची आज्ञा प्रशासकीय आहे; तिला गौरवाशी कर्तव्य नाही. ती फक्त शेत कोणाकडून कोणाकडे गेले ते सांगते. नाणी तर काहीच बोलत नाहीत. ती केवळ ठसा दाखवितात. तीन वेगळ्या हेतूंनी निर्माण झालेली साधने एकच गोष्ट सांगू लागली की त्या गोष्टीला इतिहास म्हणावयास हरकत नाही. जोगलटेंभी आणि पांडवलेणी ही दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यातली आहेत, हेही लक्षात ठेवावे.

मात्र ठसा क्रम सांगतो, साल सांगत नाही, ही मर्यादा विसरता कामा नये. नहपानाच्या काळातील नाशिकच्या लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात आणि जुन्नरच्या लेखात ४६ हे वर्ष येते. ही वर्षे शक संवताची मानली तर तो काळ इ. स. ११९ ते १२४ असा येतो. ती नहपानाची राज्यवर्षे मानली तर गौतमीपुत्राचा विजय काही दशके मागे न्यावा लागतो. दोन्ही मतांचे समर्थक विद्वान आहेत. परंतु नहपान आधी की गौतमीपुत्र आधी, असा वाद आता कोणी घालीत नाही. तो वाद नाण्यांनी मिटविला आहे.

नाणी वितळविली का नाहीत ?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. शत्रूचा मुखवटा असलेली नाणी हाती आली, तर ती वितळवून आपली नवी नाणी का पाडली नाहीत? एक कारण उघड आहे. वितळविण्यास इंधन लागते, कारागीर लागतात, थोडीफार चांदीही वाया जाते. ठशावर ठसा मारला तर नाण्याचे वजन व कस तोच राहतो आणि काम झपाट्याने उरकते. दुसरे कारण राजकीय असावे. हातोहात फिरणारे नाणे हे त्या काळचे सर्वांत वेगवान जाहीर निवेदन होते. जेथे राजाची आज्ञा वाचणारा नव्हता, तेथेही बदललेले नाणे पोहोचत होते.

तथापि साठ्यातील जवळजवळ चार हजार नाण्यांवर नवा ठसा नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. साठा करणाऱ्याने जुनी आणि नवा ठसा मारलेली अशी दोन्ही नाणी एकत्र ठेविली. त्या अर्थी त्याच्या लेखी दोहोंचे मोल सारखेच होते. राजा बदलला, पण चांदी तीच राहिली आणि बाजाराने ती स्वीकारली. आणखी एक गोष्ट पाहा. गौतमीपुत्राची आणि त्याच्या वारसांची स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणी आज ज्ञात आहेत. जोगलटेंभीच्या साठ्यात त्यांपैकी एकही नव्हते. यावरून तो साठा ती नाणी या भागात रुळण्यापूर्वीच, म्हणजे विजयानंतर फार काळ लोटण्याआधी, जमिनीत गेला असावा, असे अनुमान करता येते. साठ्यात काय आहे याइतकेच त्यात काय नाही हेही बोलके असते.

त्या नाण्यांची खरेदीशक्ती काय होती? याचेही उत्तर पांडवलेण्यांतच, उषवदाताच्या दहाव्या लेण्यातील लेखात, सापडते. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. तीपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज घ्यावयाचे, अशी अट होती. दोन हजारांचे व्याज महिन्याला २० आणि वर्षाला २४० होते. लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे सांगितले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही बिनचूक जुळतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा दरही दिला आहे.

हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे धरले तर जोगलटेंभीच्या १३,२५० नाण्यांत सुमारे अकराशे भिक्षूंच्या वर्षभराच्या वस्त्रांचा खर्च निघाला असता, आणि त्यांचे सुमारे ३७८ सुवर्ण झाले असते. ही रक्कम एखाद्या सामान्य शेतकऱ्याची खासच नव्हे. ती एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याची, श्रेणीची किंवा सरकारी खजिन्याची असावी.

शिशाची नाणी, दोन भाषा आणि एक जहाज

नहपानाच्या चांदीवरून सातवाहनांचे सारे चलन चांदीचे होते असा समज मात्र होऊ देऊ नये. त्यांची बहुसंख्य नाणी शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्र धातूची आहेत. शिशासारख्या हलक्या मोलाच्या धातूचे नाणे हे रोजच्या बाजारहाटीचे नाणे. कार्षापणात वस्त्रे घेता येतील, परंतु मूठभर भाजी घ्यावयाची तर लहान नाणेच हवे. शिसे, तांबे व कथील हे धातू भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, या बंदरात परदेशांतून उतरत असत, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पैठण आणि तेर येथून त्याच बंदराकडे माल जात असल्याचेही तेथे सांगितले आहे. बाजारात फिरणाऱ्या शिशाच्या नाण्याचा धागा असा थेट रोमन व्यापाराशी जुळतो.

सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. तेथे यज्ञश्री सातकर्णीचे मुखवट्याचे चांदीचे नाणे मिळाले. या प्रकारच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत लेख असतो. दुसऱ्या बाजूस ‘अरहणकु’, ‘माकणकु’, ‘तिरु’ असे शब्द येतात, आणि ते द्राविड भाषाकुळातले आहेत. राजाच्या एकाच नावासाठी दोन भाषा वापरणाऱ्या या राज्याचे स्वरूप किती संमिश्र होते, हे सांगण्यास आणखी पुरावा कशाला हवा? पूर्व किनाऱ्यावर सापडणाऱ्या शिशाच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. दोन्ही समुद्रांशी संबंध असलेल्या सत्तेला ते शोभून दिसते.

विदर्भातील तऱ्हाळा येथील साठ्याने तर पुराणांच्या यादीतच भर घातली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात १९३९ साली सापडलेल्या या साठ्यात दीड हजारांहून अधिक पोटीनची नाणी होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी पुराणांत न आढळणारी नावे निघाली. या राजांनी राज्य केले, नाणी पाडली, लोकांनी ती वापरली. आणि तरीही ग्रंथ त्यांना विसरले. त्यांची नावे आपल्याला कळली ती केवळ हा साठा फोडला वा वितळविला गेला नाही म्हणून.

शालिवाहन शक : आणखी एक ठसा

दर गुढीपाडव्याला आपण शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू करतो. शालिवाहनाने, म्हणजेच सातवाहन राजाने, शकांवर विजय मिळवून हा शक सुरू केला, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु सातवाहनांच्या लेखांत सर्वत्र त्या त्या राजाची राज्यवर्षे आहेत. शक संवत त्यांच्यापैकी कोणीही वापरलेला नाही. इ. स. ७८ पासून मोजला जाणारा हा संवत पश्चिम भारतात सातत्याने चालविला तो शक क्षत्रपांनी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्यांनी. ‘शालिवाहन’ हे नाव त्याला चिकटले ते हजाराहून अधिक वर्षे उलटून गेल्यानंतर.

लोकपरंपरेने येथे गौतमीपुत्रासारखेच काम केले आहे. शकांच्या नाण्यावर त्याने जसा आपला ठसा मारला, तसाच शकांच्या कालगणनेवर तिने शालिवाहनाचा ठसा मारला. आणि नाण्यावर जसे खालचे ग्रीक अक्षर तगून राहिले, तसा ‘शक’ हा शब्दही त्या नावात तगून राहिला आहे. यात परंपरेचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. आपल्या पूर्वजांच्या विजयाची आठवण लोकांना किती प्रिय होती, हेच त्यातून दिसते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने वरचा ठसा वाचून थांबू नये. त्याने खालचाही वाचला पाहिजे.

आपले कर्तव्य

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण खेड्यांतून आलेले आहेत. गोदावरी, प्रवरा, कुकडी, वर्धा यांच्या काठांवरील पांढरीच्या टेकाडांत नांगराच्या फाळाला किंवा घराचा पाया खणताना जुनी नाणी लागतात, हे आपल्याला नवीन नाही. पुढे त्यांचे काय होते? चांदीचे असेल तर ते सराफाच्या मुशीत जाते. तांब्याचे असेल तर चिंचेने घासून लख्ख करण्यात येते, आणि त्याबरोबर झिजलेली अक्षरेही जातात. शिशाचे असेल तर काळपट गोळा समजून फेकून दिले जाते. पुष्कळदा साठा चार घरांत वाटला जातो आणि मग कोणत्या नाण्याबरोबर कोणते नाणे होते, हे कळण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.

जोगलटेंभीचे एकच नाणे हाती आले असते तर गौतमीपुत्राने एक नाणे पुन्हा पाडले, इतकेच कळले असते. तेरा हजार नाणी एकत्र पाहता आली म्हणून शंभरात सत्तर हे प्रमाण कळले, उरलेली तीस तशीच चालत होती हे कळले आणि दुसऱ्या कोणाचे नाणे त्यांत नव्हते हेही कळले. सुट्या नाण्याची किंमत सराफ सांगू शकेल. साठ्याची किंमत मात्र त्याच्या एकत्र असण्यात आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शोधणाऱ्याचा हक्क या कायद्याने डावललेला नाही. त्याच्या वाट्याची तरतूद त्यात आहे. ही गोष्ट गावात समजावून सांगण्याचे काम आपले आहे. नाणे सापडले तर ते घासू नका, वाटू नका. कोणत्या शेतात, किती खोल, कशात भरलेले आणि बरोबर आणखी काय होते ते लिहून ठेवा, आणि मग ते योग्य अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करा. कुंभ सातकर्णीसारखा एखादा विसरलेला राजा अजूनही कोणाच्या तरी बांधाखाली वाट पाहत असेल. त्याला इतिहासात जागा मिळते की सराफाच्या मुशीत, हे नांगर थांबविणाऱ्या माणसाच्या हाती आहे.